टेक कंपनीनं किराणा साखळी घेतली तर गणपती पेठेचं काय?

कृष्णाकाठचा:
२०१७ ला अमेझॉननं अमेरिकेतली होल फूड्स ही किराणा साखळी १३.७ अब्ज डॉलरला घेतली आणि ताबा मिळाला त्याच दिवशी केळी, अव्होकाडोचे भाव उतरवले, लोक खूश. पुढं २०२१ ला प्राइमवाल्यांना, म्हणजे अमेझॉनची वर्गणी भरणाऱ्यांना, घरपोच मालाचे ९.९५ डॉलर लावले, जे आधी फुकट होतं. आपल्याकडं पण टाटा डिजिटलनं बिगबास्केट घेतलं, झोमॅटोनं ब्लिंकिट. सांगलीत गणपती पेठेत आमचं दुकान आहे म्हणून विचारतोय, सवय लागली की भाव कोण ठरवणार?

मिरजकर:
दादा उगाच घाबरवू नका. होल फूड्सला तिथले लोकच टोमणे मारायचे की अख्खा पगार गिळतं. आणि २०१८ ला अमेझॉननं तासाला किमान १५ डॉलर केले ते तिथल्या कामगारांना पण मिळाले. तुमच्या दुकानातल्या पोराला किती देता ते आधी सांगा.

कृष्णाकाठचा:
दिवाळीला एक पगार जादा देतो. आणि पुढचं पण सांगा की, २०२० पासून तिथल्या बऱ्याच पार्टटाइम लोकांचा आरोग्य विमा काढून घेतला ते.

बेदाणावाला_तासगाव:
दोघांचं ऐकतोय. माझं छोटं पॅकिंग आहे, एका मोठ्या साखळीला माल दिला होता, बारकोड पाहिजे, ठरल्या दिवशीच पोचला पाहिजे आणि पैसे मात्र दीड महिन्यानं. पेठेतला व्यापारी दहा किलो पण घेतो. पैसे तोही वेळेवर देत नाही ती गोष्ट वेगळी 😄 पण तिथं एकानं नाही म्हटलं की शेजारच्याकडं जाता येतं, सगळी खरेदी एकाच ऑफिसातनं व्हायला लागली तर मी जाऊ कुठं?

विश्रामबागची_ताई:
२०१९ च्या महापुरानंतर कोपऱ्यावरच्या काकांनी वहीत लिहून महिनाभर सामान दिलं. पण खरं सांगू का, मी तेल साबण मोठ्या दुकानातनंच आणते, महिनाअखेरीला उधारी लागली की काकांकडं. असं आम्हीच केलंय, त्यात अमेरिकेला काय बोलायचं.

कृष्णाकाठचा:
ताई, तेल साबण खुशाल तिकडनं आणा, त्यात आम्हाला काही सुटत नाही. सुटतं ते सुट्ट्या डाळीत, हळदीत, भडंगाच्या चुरमुऱ्यात, आणि नेमकं तेच आता पाकिटात भरून ऑफरला लावतात.

मिरजकर:
मग घरपोच चालू करा की. पेठेत गाडी लावायला तरी जागा आहे का?