मदत हवी आहे : करवीरनिवासिनीची पितळी मूर्ती घडवताना

घरच्या देवघरासाठी कोल्हापूरच्या अंबाबाईची, म्हणजे करवीरनिवासिनी महालक्ष्मीची, पाच इंची पितळी मूर्ती करून घ्यायची आहे. दुकानांत हाती कमळं घेतलेली लक्ष्मीच मिळते. कोल्हापूरची देवी तशी नाही. तिच्या खालच्या उजव्या हातात म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं मोठं फळ), वरच्या उजव्या हातात गदा, वरच्या डाव्या हातात खेटक म्हणजे ढाल आणि खालच्या डाव्या हातात पानपात्र म्हणजे पिण्याचं भांडं आहे. पाठीशी सिंह. दुर्गा सप्तशतीला जोडलेल्या ‘प्राधानिक रहस्य’ या भागातल्या वर्णनात याच चार वस्तू येतात, शिवाय मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. विष्णूची पत्नी एवढ्यावर हे रूप मावत नाही, म्हणून त्यातलं काहीच गाळायचं नाही.

अडचण मस्तकाची. एवढ्या लहान मूर्तीत कारागीर नुसता मुकुट करूया म्हणतात. लिंग आणि योनी मुकुटावर कशी दाखवावीत? नाग मागून फणा धरलेला की पुढे? मंदिरात रोजच्या पूजेत साडी-दागिन्यांखाली मूर्तीची मूळ घडण दिसतच नाही.

मूर्तिशास्त्र जाणणाऱ्यांनी किंवा अशी मूर्ती घडवून घेतलेल्यांनी कृपया सांगा. घरच्या मूर्तीचा फोटो टाकलात तर कारागिराला दाखवता येईल. म्हाळुंग कोणी फलप्राप्तीचं म्हणतं, कोणी सृष्टीच्या बीजाचं. तुमच्या घरी काय सांगतात?