सायनोटाइप आणि व्हॅन डाइक प्रिंटला खरी चमक कशी आणायची?

निळीछटा:
३०० जीएसएमच्या जाड कॉटन रॅग (कापसाच्या) कागदावर सायनोटाइप (लोखंडाच्या क्षारांचे निळे फोटो-प्रिंट) आणि व्हॅन डाइक ब्राउन (चांदीच्या प्रतिमेचे तपकिरी फोटो-प्रिंट) करतो. प्रिंट पाण्यात असेपर्यंत गडद भाग एकदम खोल दिसतो, वाळला की फिका आणि कोरडा. बॅराइटा कागदाची (बेरियम सल्फेटचा थर दिलेला चकचकीत फोटोकागद) असते तशी चमक हवी आहे. पाण्यात विरघळणारं ग्लॉस अ‍ॅक्रिलिक मीडियम ब्रशने लावून पाहिलं. ब्रशच्या रेघा राहिल्या आणि सायनोटाइपचा निळाही उतरला. कुठला थर लावावा?

तुरटी:
निळा उतरण्याचं कारण आधी. पाण्याच्या बेसचं अ‍ॅक्रिलिक मीडियम बहुधा अल्कधर्मी असतं आणि प्रशियन ब्लूला, म्हणजे सायनोटाइपच्या निळ्या रंगाला, अल्क चालत नाही. सोडा, बोरॅक्स, अमोनिया, सगळ्यांचा परिणाम तोच. सायनोटाइपवर काहीही लावण्याआधी त्याचा पीएच पट्टीने तपासा. ७ च्या वर असेल तर नको.

आता चमकेचं. तुमच्या पद्धतीत प्रतिमा कागदाच्या तंतूंत मुरलेली असते. वाळल्यावर तंतूंमध्ये हवा शिरते, प्रकाश तिथून सगळीकडे विखुरतो आणि काळा राखाडी दिसतो. पाणी ही पोकळी भरून काढतं, म्हणून ओला प्रिंट खोल दिसतो. थोडक्यात, पोकळी कायमची भरायची आणि वरचा पृष्ठभाग सपाट करायचा. खडबडीत कागदावर दुसरं काम जवळजवळ अशक्य आहे, तेव्हा हॉट प्रेस (गुळगुळीत पृष्ठभागाचा) कागद घ्या.

सगळ्यात सोपं म्हणजे मेण. मधमाशीचं मेण आणि लॅव्हेंडर तेल वजनाने समसमान घ्या आणि गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. थेट आचेवर ठेवू नका, तेलाची वाफ पेट घेते. थंड झालेला मऊ लगदा सुती कापडाने अगदी पातळ लावा, हेअर ड्रायरने जरा ऊब द्या, मग स्वच्छ कापडाने घासा. उष्णता जास्त झाली तर मेण मागच्या बाजूला झिरपून तेलकट डाग पडतात. यातून गडद भाग नक्की खोल होतो, पण मिळते ती सॅटिन झळाळी. बॅराइटाची चमक मेणातून येणार नाही. शिवाय मेणावर पाण्याचा कुठलाही थर टिकत नाही, म्हणून मेण नेहमी सगळ्यात शेवटी.

काचपट्टी:
बॅराइटासारखी चमक हवी असेल तर जिलेटिनला पर्याय नाही. बॅराइटा कागदावरही वरचा थर जिलेटिनचाच असतो.

१ लिटर पाण्याला ३० ग्रॅम जिलेटिन. गार पाण्यात २० मिनिटं फुगू द्या, मग ५० अंशांपर्यंत तापवा. ६० च्या वर नेऊ नका, जेल कमकुवत होतं. क्रोम अ‍ॅलम (जिलेटिन घट्ट करणारी क्रोमची तुरटी) ०.५ ग्रॅम, २० मिली पाण्यात वेगळं विरघळवून, लावण्याच्या अगदी आधी ढवळत ढवळत थेंबाथेंबाने घाला. एकदम ओतलं तर तारा आणि गुठळ्या होतात. मिश्रण तासाभरात संपवा. सपाट काचेवर प्रिंट ठेवून ४० अंशांचं मिश्रण ओता आणि रॉडने एका दमात ओढा. परत मागे फिरायचं नाही. रेघा नेमक्या तिथेच येतात. आडवंच ठेवून जमू द्या, मग टांगा. दुसरा थर पहिला पूर्ण वाळल्यावर.

एवढ्यावर चांगली चमक येते. आरशासारखी हवी असेल तर वाळलेला प्रिंट गार पाण्यात ५ मिनिटं भिजवून, टाल्कम पावडरने पुसून लख्ख केलेल्या काचेवर जिलेटिनची बाजू खाली करून चिकटवा आणि रबरी रोलरने मधून कडेकडे पाणी काढा. पूर्ण वाळला की स्वतःच सुटतो. बुडबुडा राहिला तिथे मंद ठिपका पडतो. पंखा लावून घाई केली तर शिंपल्यावर असतात तशा वर्तुळाकार रेषा उमटतात. त्या घालवायला पुन्हा भिजवून पुन्हा चिकटवणं एवढाच उपाय.

व्हॅन डाइकसाठी एक अट. हायपोनंतरची (प्रतिमा पक्की करणाऱ्या फिक्सरनंतरची) धुलाई पूर्ण झालेली हवी. थराखाली अडकलेला हायपो चांदीला पिवळं करतो आणि मग तो काढता येत नाही.

तुरटी:
पावसाळ्यात जिलेटिन सांभाळा. ते दमट राहिलं की बुरशी धरते. प्रिंट एकमेकांवर ठेवले तर चिकटतात, मध्ये सिलिकॉन रिलीज पेपर घाला. द्रावकाच्या बेसचा अ‍ॅक्रिलिक स्प्रे वापरणार असाल तर २५-३० सेंमीवरून तीन-चार पातळ हात द्या आणि दमट दिवशी मारू नका, थर दुधाळ होतो.

अल्बुमेनप्रेमी:
चांदीच्या प्रतिमेलाच चमक हवी असेल तर वरून लावण्यापेक्षा अल्बुमेन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचा प्रिंट) करा. फ्रेंच छायाचित्रकार ब्लांकार-एव्रार यांनी १८५० मध्ये ही पद्धत मांडली ती याच कारणासाठी: प्रतिमा कागदात न मुरता अंड्याच्या पांढऱ्याच्या थरात राहते. एका थराने अर्धी चमक, दोन थरांनी पूर्ण. फक्त पहिला थर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घट्ट केल्याशिवाय कागद दुसऱ्या थरासाठी अंड्याच्या पांढऱ्यावर तरंगवू नका, पहिला विरघळून ओघळ येतात. दुसऱ्या वेळी कागद उलट्या टोकाने टांगा, म्हणजे जाडी दोन्ही कडांना सारखी राहते.

निळीछटा:
म्हणजे सायनोटाइपला जिलेटिन आणि तपकिरी छटेसाठी अल्बुमेन. दुसरा जिलेटिनचा थरही ३ टक्क्यांचाच?

काचपट्टी:
हो, ३ चाच. ५ टक्क्यांचा जाड थर हिवाळ्याच्या कोरड्या हवेत कागद वाटीसारखा वळवतो. मागच्या बाजूलाही एक पातळ थर दिला तर कागद सपाट राहतो.