सांगली-साताऱ्याच्या नव्या चित्रकाराने मुंबईच्या गॅलरीचं दार आधी ठोठावावं का? (टोपणनावांनी बोलणाऱ्या तिघांची चर्चा)

विश्रामबाग
शिक्षण संपलं की आपली मुलं फोल्डर काखेत मारून थेट मुंबईतला गॅलऱ्यांचा भाग, काळा घोडा गाठतात. माझं मत विरुद्ध आहे. पहिली काही वर्षं मुंबईच्या नादी लागू नये. तिथली जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, नाव मोठं आहे, पण ती भाड्याची गॅलरी. अर्ज करा, निवड समितीतून पार पडा, मग तारखेची वाट बघत बसा. भाडं, फ्रेमा, टेम्पो, कॅटलॉग, मुक्काम सगळं पदरचं. आठवडा संपला की न विकलेली चित्रं पुन्हा टेम्पोत. त्या पैशात कितीतरी दिवसांचे रंग आणि कॅनव्हास येतात. राज्य कला प्रदर्शनाला, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला काम पाठवा. कोल्हापूरला शाहू स्मारकात चार-पाच जणांनी मिळून प्रदर्शन लावा. आधी काम पिकू द्या.

माहुली
अजिबात पटलं नाही. पिकलेलं काम घेणार कोण? आपल्याच जिल्ह्यात औंधला तिथले राजे पंतप्रतिनिधी यांनी संग्रहालय उभारलं, रविवर्म्याची चित्रं जमवली, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प आहे तिथे. पण घेणारा राजा होता, स्वतः चित्रकार होता. १९४८ ला संस्थान विलीन झालं, तसा आश्रयही गेला. आज साताऱ्यात बंगल्याला लाखो खर्चणारा माणूस भिंतीवर छापील निसर्गचित्र लावतो. घेणारा मुंबईत आहे, तर मुंबईलाच जायला हवं.

आणि तुम्ही फक्त भाड्याच्या हॉलबद्दल बोलताय. कमिशनवर चालणाऱ्या गॅलऱ्या वेगळ्या. त्या भाडं घेत नाहीत, चित्र विकलं तर तीस ते पन्नास टक्के घेतात. मात्र त्या चित्रकार स्वतः निवडतात.

कृष्णाकाठ
निवडतात, पण काय बघून? मी मिरजेत मुलांचे पोर्टफोलिओ बघते. काचेच्या फ्रेमसकट मोबाइलवर काढलेला फोटो, काचेत वरची ट्यूबलाइट आणि फोटो काढणाऱ्याचा हात, चित्र त्यामागे कुठेतरी. एक गणपती, एक अमूर्त, एक घाट, एक व्यक्तिचित्र. यातून तुम्ही कोण, हे गॅलरीला कसं कळणार? एकाच धाग्यातली दहा-बारा कामं निवडा. फ्रेम काढून, सावलीतल्या उजेडात फोटो घ्या. प्रत्येकाखाली शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष. सोबत अर्ध्या पानाची ओळख. आणि पाठवण्याआधी ती गॅलरी कोणाची कामं लावते ते जाऊन बघा. निव्वळ अमूर्त लावणाऱ्यांकडे वाईच्या घाटाची जलरंगचित्रं पाठवणं म्हणजे दोघांचाही वेळ घालवणं. उद्घाटनाच्या संध्याकाळी फोल्डर उघडून बसू नका, त्या वेळी गॅलरीवाला गिऱ्हाइकात असतो.

विश्रामबाग
हे सगळं मान्य. पण निम्मी किंमत गॅलरीला का द्यायची?

माहुली
कारण संग्राहक तिने वर्षानुवर्षं जपलेले असतात. उलट इथे घरच्या घरी पाच हजाराला दिलेलं चित्रच नंतर नडतं. गॅलरीने तसंच काम चाळीस हजाराला लावलं आणि घेणाऱ्याला हे कळलं, तर गॅलरीचा विश्वास संपला. म्हणून म्हणतो, ओळखीपाळखीत स्वस्तात विकणं पहिल्या दिवसापासून बंद.

विश्रामबाग
म्हणजे सांगलीच्या शाळामास्तराने, हळदीच्या व्यापाऱ्याने आपल्या गावच्या चित्रकाराचं अस्सल चित्र कधीच घ्यायचं नाही? इथल्या माणसाला चित्र घ्यायची सवय लागावी म्हणून तर मी भांडतोय. तुमच्या हिशेबाने ती कधीच लागणार नाही.

कृष्णाकाठ
किंमत सगळीकडे एकच ठेवा, आकार लहान करा. कागदावरची जलरंगं, लिनोकटचे, म्हणजे लिनोलियम कोरून काढलेले, क्रमांक घातलेले छाप. ते मास्तरालाही परवडतात आणि गॅलरीपासून लपवायचं काही उरत नाही. मोठे कॅनव्हास मात्र इथे देऊ नका.

विश्रामबाग
मोठ्या कॅनव्हासवर मी अजून अडलेलोच आहे. निदान एक तरी गावात राहिला पाहिजे, नगर वाचनालयात लावा हवं तर, पण लोकांना रोज दिसू दे.