'आल्तार'ला 'वेदी' म्हणावं का?

कोनाडा: गोव्यातल्या तिसवाडी आणि सासष्टी तालुक्यांतल्या जुन्या गावइगर्जींची माहितीपत्रिका मराठीत करायची आहे. मूळ वाक्याचा आशय असा: मुख्य आल्तार छतापर्यंत उंच, कोरीव आणि सोनेरी आहे. 'मुख्य वेदी' असं भाषांतर केलं, तर तपासणाऱ्यांनी खूण केली, 'छतापर्यंत वेदी?' हरकत रास्त आहे. वेदी म्हटली की यज्ञाची किंवा लग्नाची, जमिनीलगतची डोळ्यांसमोर येते. शब्द सुचवा.

जांभाचिरा: घोळ दोन वस्तूंना एकच नाव असल्याचा आहे. ज्यावर मिस्सा (ख्रिस्ती उपासनेचा मुख्य विधी) होतो ते मेज म्हणजे आल्तार, आणि त्यामागचं खांब-कमानींचं कोरीव कामही बोलण्यात आल्तारच. या मागच्याला पोर्तुगीजमध्ये रेताबुलू म्हणतात. पूर्वी मेज रेताबुलूला टेकलेलं असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा करू लागले आणि मेज पुढे आलं. म्हणून आज आत गेलं की बहुतेक ठिकाणी दोन आल्तार दिसतात. पुढच्याला वेदी म्हणा. मराठी बायबलातही तोच शब्द आहे आणि मिस्सा हे अर्पण मानलं जात असल्याने अर्थही नेमका बसतो.

मोडीवाचक: मागच्याला 'मखर' म्हणा. गोव्यातल्या देवळांत नवरात्रात मखरोत्सव होतो, तिथे देव लाकडी कोरीव मखरात बसवतात. मधे मूर्ती, दोहों बाजूंना खांब, वर महिरप: रचना तीच.

शुद्धमती: मखर हलवता येतं, उत्सवापुरतं असतं. रेताबुलू भिंतीशी कायमचा जोडलेला. 'प्रभावळ' जवळचा वाटतो.

मोडीवाचक: प्रभावळ एकाच मूर्तीमागे असते. इथे दोन-तीन मजले, प्रत्येकात वेगवेगळे संत. आणि मखर हा शब्द नुसत्या दिसण्यावरून सुचवलेला नाही. ख्रिस्ती वस्तू बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करून घेऊ नयेत, असं १५६७ च्या गोव्यातल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ठरवलं. बंदी घालावी लागली, याचाच अर्थ काम त्यांच्याकडून होत होतं. ज्या हातांना मखर ठाऊक होतं त्यांच्या कामाला मखर म्हणण्यात गैर काय?

शुद्धमती: कारागीर कोण, यावरून वस्तूचं नाव ठरत नाही. वाचकाच्या मनात मखर म्हणजे गणपतीचं, हल्ली तर थर्मोकोलचं.

जांभाचिरा: रेताबुलूतल्या मूर्तीच्या जागेला मात्र 'कोनाडा' नको, 'देवळी' हवी. कोनाड्यात काहीही ठेवतात.

वर्खवाला: 'सोनेरी'चं काय करणार आहात? 'सोन्याचा मुलामा' लिहू नका. मुलामा धातूवर चढतो. इथे वर्ख आहे. लाकडावर आधी सरस आणि खडूपुडीचे पातळ थर देऊन घासून गुळगुळीत करतात, मग तांबडी चिकणमाती, ती ओलसर करून तिच्यावर वर्ख, आणि शेवटी अकीकाने घोटाई. पाहताना टॉर्च समोरून न धरता बाजूने तिरपा धरा. चौकोनी पानं जिथे एकमेकांवर चढली तिथे बारीक रेषा दिसतात, झिजलेल्या कडांवर खालची तांबडी माती दिसते. जिथे सपाट, काळपट-हिरवट झाक आहे, तिथे नंतर कोणीतरी पितळी पुडीचा रंग फासलेला असतो. अशा कामाला ओलं फडकं कधीही लावू नये. सरस पाण्यात विरघळतो, वर्ख फडक्यावर येतो.

जांभाचिरा: वाळवीचंही पत्रिकेत लिहा. भिंत जांभ्याची, जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात ओल धरतो. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो, सिमेंटचा आत कोंडतो. त्या ओलीने वाळवी लागते, मागून लाकूड पोखरत येते आणि पुढून सोनं शाबूत दिसत राहतं.

शुद्धमती: पण मुलामा लाक्षणिक अर्थाने सर्रास चालतो.

वर्खवाला: लाक्षणिक चालेल. पण पत्रिका वाचून उद्या कोणी डागडुजी करायला गेलं, तर मुलाम्याची पद्धत वापरेल.

नावाडी: सभागृहाला काय लिहिलंय? तळावलीच्या सांत आना इगर्जीला (बांधकाम १६८१ ते १६९५) बाजूची दालनं नाहीत, मधला एकच लांब भाग. त्याला पोर्तुगीजमध्ये 'नावि' म्हणतात. मूळ लॅटिन 'नाविस', म्हणजे जहाज. आपली 'नाव' संस्कृत 'नौ'वरून, आणि दोन्ही एकाच मुळाच्या! सरळ 'नाव' लिहा.

मोडीवाचक: 'इगर्जीची नाव' वाचून लोक 'नावं'चा अनुस्वार राहिला समजतील. सभामंडप लिहा.

शुद्धमती: सभामंडप म्हटलं की मग गाभाराही म्हणावं लागेल. तिथे पुन्हा वाद.

नावाडी: मग पुल्पितालाही, म्हणजे प्रवचनाच्या जागेलाही, 'व्यासपीठ' म्हणा. भिंतीला उंचावर टांगलेलं, वर आवाज खाली वळवणारं लाकडी छत, एकच माणूस बोलणार. पुराणिकाची बैठक हाच व्यासपीठाचा मूळ अर्थ.

शुद्धमती: हे मात्र पटलं. पण आज त्यावर खुर्च्या मांडून पाहुणे बसतात, त्याचं काय?

कोनाडा: पुढच्या मेजाला वेदी, देवळी आणि वर्ख हे घेते. मागच्याला काय लिहायचं?

मोडीवाचक: मखर.

जांभाचिरा: रेताबुलू.