फ्लॉरेन्स प्यू: शिकली नाही म्हणून चांगली, की शिकली नसूनही?

गवाक्ष (मूळ लेख)

इंग्लिश अभिनेत्री फ्लॉरेन्स प्यूचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: "बघा, नाट्यशाळेची पायरीही न चढता ऑस्कर नामांकनापर्यंत पोचली, अभिनय काय शिकून येतो का?" यातला पहिला भाग खरा आहे. १९९६ साली ऑक्सफर्डमध्ये जन्म. शाळेत असतानाच खुल्या निवडचाचणीतून 'द फॉलिंग' (२०१४) मिळाला, मग 'लेडी मॅकबेथ' (२०१६), आणि २०१९ या एकाच वर्षात 'फायटिंग विथ माय फॅमिली', 'मिडसोमार' नि 'लिटल विमेन'. शेवटच्या चित्रपटासाठी साहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन. अभिनयाचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम यात कुठेच नाही.

दुसरा भाग मला पटत नाही. 'मिडसोमार' घ्या. आईवडील आणि बहीण एका रात्रीत गमावलेली डॅनी, ही प्यूची भूमिका. तो आक्रोश यावा म्हणून आपल्याच घरच्यांच्या शवपेट्या डोळ्यांपुढे आणत गेले, स्वतःचा छळच मांडला होता, असं प्यूनं नंतर मुलाखतीत सांगितलंय. हंगेरीतलं ते शूटिंग संपतं न संपतं तोच 'लिटल विमेन'साठी बोस्टनला रवानगी.

नाट्यशाळा प्रतिभा देत नाही, कबूल. भूमिकेत शिरायची आणि तिच्यातून बाहेर पडायची वाट मात्र देते. पडद्यावर एकदा रडायचं म्हणजे सेटवर आधी लांबचा शॉट, मग मध्यम, मग क्लोजअप, आणि प्रत्येकाचे चार-पाच टेक. खरं दुःख उगाळून रडणारा नट लांबच्या शॉटमध्येच आटतो, आणि कॅमेरा जवळ येतो तेव्हा डोळे कोरडे. मग ग्लिसरीन किंवा डोळ्यांखाली मेन्थॉलची कांडी. तिनं पाणी येतं, पण डोळे लाल होतात आणि दोन शॉट जुळत नाहीत. तालमीत घडलेला नट श्वासापासून सुरू करतो: पोट सैल सोडायचं, श्वास खाली न्यायचा, उच्छ्वास तुटक करायचा, घसा मोकळा ठेवायचा. शरीर हुंदक्याला लागलं की भावना मागोमाग येते, आणि कट झाल्यावर श्वास सरळ केला की उतरतेही. प्यूचं कौतुक जरूर करा, तिच्या वाटेची जाहिरात नको.

तिरकस

साफ असहमत. आपल्या जिवलगांचं मरण कल्पून रडणं हे न शिकलेल्याचं लक्षण कधीपासून झालं? न्यूयॉर्कच्या अ‍ॅक्टर्स स्टुडिओत अभिनयगुरू ली स्ट्रासबर्ग भावनिक स्मृतीच्या नावाखाली आपल्याच जखमा उकरायला शिकवत होते, आणि त्या परंपरेतले किती नट स्वतःला पिळून घेऊन बसले ते जगजाहीर आहे. म्हणजे ज्याचं खापर तुम्ही 'न शिकण्या'वर फोडताय, ते फी भरूनही शिकता येतं.

आता 'लेडी मॅकबेथ' बघा. सुमारे ५ लाख पौंडांत उरकलेला चित्रपट, म्हणजे टेक उधळायची चैन नाही. त्यात प्यू एकोणीस-वीस वर्षांची. सासऱ्याला विषारी अळंबी खाऊ घालून झाल्यावर तो पलीकडच्या खोलीत तडफडतोय, दाराला खुर्ची लावलेली, आणि ही मोलकरणीशी साध्या आवाजात बोलत बसलीय. कॅमेरा हलत नाही, पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. डोळा थोडा जास्त फिरला असता तर खलनायिका झाली असती, कमी फिरला असता तर बाहुली. हे कुठल्या वर्गात शिकवतात?

पडद्यामागची

तिरकस, मोलकरणीचं नाव तरी घ्यायचं होतंत! तुमच्या त्याच प्रसंगात समोर बसलेली नेओमी अ‍ॅकी लंडनच्या रॉयल सेंट्रल या नाट्यशाळेतून रीतसर शिकून आलेली. २०१७ च्या ब्रिटिश इंडिपेन्डन्ट फिल्म पुरस्कारांत प्यूला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा आणि अ‍ॅकीला सर्वांत आश्वासक नवोदिताचा पुरस्कार मिळाला, दोघींना या एकाच चित्रपटासाठी.

तुलना करायची तर इथेच करा. अ‍ॅकीची अ‍ॅना धसक्यानं मुकी होते, आणि पुढचं सगळं काम शब्दांविना आहे. ते तिनं छातीत केलंय: श्वास वर अडकलेला, खांदे किंचित उचललेले, आणि ही ठेवण प्रसंगागणिक वाढत जाते. चढती पायरी आधी ठरवलेली असल्याशिवाय असं होत नाही, कारण शूटिंग कथेच्या क्रमानं होईलच याची खात्री नसते. प्यूचं काम वेगळ्या जातीचं आहे. ती समोरच्याच्या वाक्यावर तिथल्या तिथे उत्तर देते, म्हणून ताजी वाटते. त्या चौकटीत दोन्ही पद्धती एकमेकींना धरून आहेत. माझं मत: प्यूची कॅथरीन इतकी थंड वाटते ती निम्मी अ‍ॅकीमुळे. भीती समोर दिसते तेव्हाच थंडपणा मोजता येतो.

हिशेबी

"प्रतिभा होती, वाट सापडली" ही गोष्ट जरा अर्धवट सांगितली जातेय. वडील ऑक्सफर्डमध्ये रेस्टॉरंट चालवणारे, आई नर्तिका, थोरला भाऊ टोबी सेबॅस्टियन 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये. शाळाही फी भरून शिकायची. घरात कला, ऑडिशन म्हणजे काय हे ठाऊक असलेली माणसं, आणि लंडन तासाभरावर. लंडनपासून दूर, डरॅममधल्या किंवा स्वॉन्सीतल्या साध्या घरच्या मुलीला 'नाट्यशाळा कशाला हवी' म्हणून सांगणं सोपं आहे. तिला तिथे पदवीबरोबर शेवटच्या वर्षाचा शोकेस मिळतो, जिथे एजंट बघायला येतात. प्यूला ते दार घरापासूनच किलकिलं होतं. (हो, फीसुद्धा हलकी नाही. इंग्लंडमध्ये बरीच वर्षं सालाला ९,२५० पौंडांची कमाल मर्यादा होती, राहणं-खाणं वेगळं.)

तिरकस

@हिशेबी, भाऊ नट असल्यानं 'लेडी मॅकबेथ' मिळत नाही हो. आणि सगळं आयतं मिळालं असतं तर २०१५ चं काय? एकोणीसाव्या वर्षी अमेरिकी मालिकेच्या पायलटमध्ये, म्हणजे नमुन्याच्या पहिल्या भागात, काम केलं. तिथे तिला वजन, चेहऱ्याची ठेवण, भुवया सगळंच बदलायला सांगितलं, हे तिनंच सांगितलंय. मालिका पुढे गेली नाही, ती परत आली आणि मग 'लेडी मॅकबेथ' हाती लागला. नाट्यशाळा तिला यातून वाचवू शकली नसती.

हिशेबी

वाचवलं नसतंच. पण परतायला ऑक्सफर्डचं घर होतं, नाही का?

रिटेक

वाद छान चाललाय, पण खुल्या निवडचाचणीतून कुणी पुढे जातं म्हणजे नेमकं काय होतं यावर कुणीच बोललं नाही. आज हे बहुतेक सेल्फ-टेपवर, म्हणजे स्वतःच फोनवर चित्रित करून पाठवलेल्या ऑडिशनवर, ठरतं आणि तिथे नाट्यशाळेचा उपयोग वाटतो त्याहून कमी आहे.

फोन आडवा, भिंगाची उंची डोळ्यांइतकी, चौकट छातीपासून वर, मागे साधी भिंत. संवाद वाचून दाखवणारा भिंगाला चिकटून उभा हवा. तो हातभर बाजूला गेला की चेहऱ्याची एकच बाजू दिसते, आणि निवड करणाऱ्याला हवे असतात दोन्ही डोळे. त्याचा आवाज तुमच्यापेक्षा हळू, कारण तो फोनच्या जवळ असतो. थेट भिंगात बघायचं नाही, ते फक्त नाव-उंची सांगताना. सगळ्यात जास्त माती होते ती समोरच्याचं वाक्य चालू असताना: नवखा नट आपल्या ओळीची वाट बघत थांबलेला दिसतो. प्यूचा हातखंडा नेमका तिथेच आहे, ऐकताना तिचा चेहरा काम करत असतो. रंगमंचावर घडलेल्यांना हे उलट नव्यानं शिकावं लागतं, कारण त्यांची सवय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची.

गवाक्ष

तिरकस, स्ट्रासबर्गचा मुद्दा अर्धाच मांडलात. ही पद्धत ज्याच्यापासून आली त्या रशियन दिग्दर्शक स्टानिस्लाव्हस्कीनंच पुढे भावनिक स्मृतीवरचा भर कमी करून शारीरिक क्रियांकडे मोर्चा वळवला होता. शाळा एकच गोष्ट शिकवत नाही, पर्याय देते. 'मिडसोमार'च्या वेळी तिच्यापाशी पर्याय नव्हता, एवढंच म्हणणं आहे.

रिटेकचा ऐकण्याचा मुद्दा मान्य. पण मग ऐकायला समोर कुणीच नसेल तर? म्हणूनच मार्व्हलच्या सुपरहिरोपटांत मला ती पातळ वाटते.

पडद्यामागची

पातळ? २०२१ चा 'ब्लॅक विडो' परत बघा, प्यूची येलेना बहिणीच्या जमिनीवर उतरायच्या ऐटबाज पवित्र्याची टर उडवते तो भाग. आणि २०२५ चा 'थंडरबोल्ट्स' तर अख्खा तिच्या खांद्यावर आहे. जगभरची कमाई ४० कोटी डॉलरपर्यंतही गेली नाही, पण त्याचा दोष अभिनयाला देता येणार नाही. सुरुवातीची क्वालालंपूरच्या मर्डेका ११८ वरची उडी तिनं स्वतः मारली. इमारत ६७८.९ मीटर. असं काही नटाकडून करवून घ्यायचं म्हणजे विमा, तारा, हार्नेस, शिवाय वाऱ्याचा अंदाज. स्टुडिओ सुरुवातीला तयार नव्हता, तिनं हट्ट धरला. फायदा हा की उडीआधीचा कंटाळलेला चेहरा आणि उडी एकाच माणसाची राहते, मध्ये डबल (बदली स्टंटपटू) येत नाही.

आणि मोठ्या कंपूत गेली म्हणून छोटं काम सुटलं असं म्हणणाऱ्यांसाठी: २०२२ चा 'द वंडर'. १८६२ चं आयर्लंड, अन्नाशिवाय जगणाऱ्या मुलीवर नजर ठेवायला आलेली इंग्लिश नर्स. पटकथेत अ‍ॅलिस बर्च, कॅमेरा आरी वेग्नर, म्हणजे 'लेडी मॅकबेथ'चीच जोडी. माझ्या लेखी तिचं सर्वांत पक्व काम हेच.

उभा_पडदा

अवांतर, पण आपल्याकडे तिची चर्चा झाली ती जुलै २०२३ मध्ये, 'ओपनहायमर'वरून, आणि तीही भलत्याच कारणानं. गीतेची ओळ शय्यागृहात का, यावर रान उठलं. आणि भारतातल्या प्रतीत हॉटेलच्या खोलीतल्या जीन टॅटलॉकवर (ओपनहायमरची प्रेयसी, प्यूची भूमिका) संगणकानं काळा झगा चढवला गेला. नीती-अनीती बाजूला ठेवा, अभिनयाचं काय झालं ते बघा. ती आणि ओपनहायमर समोरासमोर खुर्च्यांवर बसलेत, ती उघडी आहे आणि तरी बोलण्यात तीच वरचढ आहे, हा त्या प्रसंगाचा तोल. झगा घातला की ती नुसती बसलेली बाई उरते. भूमिका मोजक्या मिनिटांची, त्यातलं हे एक पान आपण धड पाहिलंच नाही.

गवाक्ष

उभा_पडदा, हे अवांतर नाही. कपडे काढून बसलेलं असताना आवाज स्थिर ठेवणं हेही तंत्रच.

रिटेक

तंत्राचंच बोलायचं तर 'लिटल विमेन'मधली प्यूची एमी सोडून कसं चालेल? १९९४ च्या चित्रपटात एमीला दोन अभिनेत्री लागल्या होत्या, लहानपणी कर्स्टन डन्स्ट आणि मोठेपणी सामान्था मॅथिस. प्यूनं बाविसाव्या वर्षी दोन्ही वयं एकटीनं केली. कपाळावरची झुलपं आणि वेण्या हे बाहेरचं. आतलं असं: लहान एमीचा आवाज वरच्या पट्टीत, वाक्यं शेवटाकडे धावणारी, हातपाय जागेवर नाहीत. शेजारच्या लॉरीसाठी पावलाचा साचा करायला जाते आणि पाय प्लास्टरच्या बादलीत अडकतो, तिथे हे सगळं एकत्र दिसतं. मोठी एमी पॅरिसच्या चित्रशाळेत लॉरीला लग्न हा बाईसाठी आर्थिक व्यवहार कसा आहे ते सुनावते, तेव्हा आवाज खाली, विराम लांब, मान स्थिर. हे भाषण मेरिल स्ट्रीपच्या सूचनेवरून संहितेत आलं. शूटिंगला दोन्ही वयं उलटसुलट क्रमानं आली की नटाला आवाजाची पट्टी लक्षात ठेवावी लागते, नाहीतर संकलनात सांधा दिसतो. इथे दिसत नाही. शवपेट्या आठवून हे होत नाही, गवाक्ष.

गवाक्ष

हे मात्र बिनतोड. एमीपुरतं मागे घेतो, डॅनीपुरतं नाही.

तिरकस

डॅनीपुरतंही घ्या. तो बायकांच्या घोळक्यातला आक्रोश पुन्हा बघा, डॅनी रडतेय आणि भोवतालच्या सगळ्या तिच्या श्वासाला श्वास लावतायत. त्या नुसत्या तिची नक्कल करत नाहीत, हळूहळू तिलाच ओढून नेतात. तुम्ही सांगितलेली श्वासापासूनची वाट तीच, फक्त वर्गाऐवजी सेटवर आणि एकटीऐवजी घोळक्यात.

पडद्यामागची

आणि 'वी लिव्ह इन टाइम'मध्ये (२०२४) डोकं खरंच भादरलंय, तेही अँड्र्यू गारफिल्डच्या हातून, कॅमेऱ्यासमोर. तिथे दुसरा टेक नाही. गवाक्ष, यावर तुमचा वेगळा धागा येऊ द्या, इथे पानं भरतील.