टपावरचं कॅरिअर: वेल्डिंगचं की क्लॅम्पचं? सोलापूरकरांनो, मतं द्या

विजापूररोडकर (धागाकर्ता)

सोलापुरात गाडी घेतली की पेढे संपायच्या आत कोणीतरी विचारतंच, "कॅरिअर कधी बसवताय?" पाहुण्यांना तुळजापूर-अक्कलकोट-गाणगापूर घडवायचं, लग्नाचा बस्ता आणायचा, चादरींचे गठ्ठे पोचवायचे. डिकी कुणालाच पुरत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती चौकोनी पाईप वेल्ड करून, टपाला भोकं पाडून किंवा नुसते रबरी गुटके टेकवून बसवलेल्या कॅरिअरबद्दल. आजच्या मोटारींवर हा प्रकार बंद व्हायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

गोम कॅरिअरच्या आडव्या दांड्यात नाही, गाडीला पकडणाऱ्या पायात आहे. अँबॅसिडर, पद्मिनी, ओम्नी या गाड्यांच्या टपाला दोन्ही कडांनी पावसाच्या पाण्याची पन्हळ होती. टपाचा पत्रा आणि बाजूची चौकट जिथं एकत्र येतात ती ही दुहेरी पत्र्याची कड, त्यामुळे चांगली मजबूत. कॅरिअरचे पाय तिला पकडायचे आणि वजन चौकटीतून खांबांवर उतरायचं. साधारण १९८०च्या दशकापासून मोटारींना हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून ही पन्हळ जगभर हळूहळू गेली. जोड आत दडला, वर काळी पट्टी आली. कॅरिअर बनवणाऱ्यांना पाय रोवायला नवी जागा शोधावी लागली. कुणी दाराच्या चौकटीत आकडा अडकवून क्लॅम्प आवळला, कुणी टपावरच्या रेलला पकडलं. काही गाड्यांत त्या काळ्या पट्टीखाली किंवा झाकणाखाली आटे पाडलेली भोकं कंपनीतूनच येतात, पाय थेट तिथं बोल्टनं बसतो. माझ्या मते एवढ्या वर्षांतली खरी सुधारणा हीच. विमानाच्या पंखासारखे दांडे, खाचेत सरकणारे हुक वगैरे सगळी शोभा.

आपल्याकडचं कॅरिअर मात्र पन्हळ अजून आहे असं धरूनच बनतं. मधल्या पातळ पत्र्यावर चार गुटके, त्यावर सगळा भार. पत्रा दबतो, भोकाजवळ गंज धरतो, पहिल्या पावसात आतलं अस्तर ओलं.

वेल्डिंगवाले_अण्णा

मालक, काय सांगलालाव ओ! इतकी वर्षं लोक आमच्याकडनं कॅरिअर करून न्यायलालेत, ते सगळे येडे का?

पन्हळ गेली म्हणता, पण तालुक्याला जाणाऱ्या जुन्या सुमो, ट्रॅक्स बघा एकदा. पन्हळ आहे की. तिला पट्टीचा क्लॅम्प मारला की कॅरिअर हलत नाही. गाडी बघून काम करणारा फॅब्रिकेटर आणि सगळ्यांना एकच माप लावणारा, दोघांना एका दावणीला बांधू नका. टपाला भोक पाडणं मलाबी पटत नाही. गिऱ्हाईक हट्ट करतं तेव्हा सांगतो, दुसरीकडं जा.

आता तुमच्या क्लॅम्पचं बोला. ब्रँडचा सेट घ्यायला गेलात तर आमच्या तीन-चार पट पैसे. पाय एका मॉडेलचे, गाडी बदलली की पाय बदला. कुलपाची चावी हरवली की पुण्याला फोन. आमचा पाय वाकला तर चहा येईपर्यंत सरळ करून देतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचं टप तव्यागत तापतंय, तिथं तुमचं प्लॅस्टिकचं झाकण आणि रबर किती टिकतंय ते बघू.

अक्का_टॉवेलवाल्या

अण्णांचा किमतीचा मुद्दा बरोबर आहे, पण वजनाबद्दल कुणीच बोललं नाही. आमचा माल प्रदर्शनांना हैदराबाद, विजापूरला जातो, म्हणून गाडी घेताना पुस्तिकेतलं ते पान आधी वाचलं. रेनोच्या ट्रायबरसारख्या गाडीत टपावरच्या रेलची मर्यादा ५० किलो दिली आहे. बऱ्याच मोटारींची ५० ते ७५च्या आत असते. आणि यात कॅरिअरचं स्वतःचं वजन धरायचं असतं!

लोखंडी कॅरिअर वीस-पंचवीस किलोला सहज जातं. म्हणजे रिकाम्या गाडीवरच निम्मी मर्यादा संपली. ॲल्युमिनियमचे दोन दांडे पायांसकट पाच-सहा किलोत बसतात. अण्णा, महाग काय आणि स्वस्त काय हे यावरही ठरतं.

वेल्डिंगवाले_अण्णा

अक्का, मग ते व्हिडिओत टपावर तंबू लावून नवरा-बायको झोपतात ते कसं? दोघांचं वजनच दीडशे होतंय.

विजापूररोडकर

उभ्या गाडीची मर्यादा वेगळी, अण्णा. गाडी थांबलेली असताना टप पुस्तिकेतल्या आकड्याच्या कितीतरी पट भार घेतं, कारण तेव्हा तो फक्त खाली दाबतो. चालत्या गाडीत तोच भार ब्रेकला पुढं ओढतो, वळणावर बाजूला, खड्ड्यात वर उडून आदळतो. करकचून ब्रेक लागला तर ५० किलोचा गठ्ठा चाळीस किलोच्या जोरानं पुढं रेटतो, तो सगळा त्या चार पायांवर. रूफ कॅरिअरसाठी आयएसओ १११५४ हे मानक आहे, त्यात पुढं, बाजूला आणि वर ओढूनच पाय सुटतो का ते तपासतात. आपल्याकडं वर्कशॉपमध्ये काय होतं? कारागीर कॅरिअरला लोंबकळून दाखवतो, "बघा, हलतंय का!" ही झाली खालच्या दिशेची परीक्षा. वर ओढून कोण बघतं?

भिरभिरं

वर ओढण्यावरून. धागाकर्त्यांनी दांड्याचा पंखासारखा आकार शोभेत काढला, तिथं ते चुकले.

८ बाय ४ फुटांचं प्लाय टपावर टाकून लोक मार्केट यार्डापासून पार मोहोळपर्यंत जातात. ताशी ८० किलोमीटरला समोरच्या हवेचा दाब चौरस मीटरला साधारण २९ किलो पडतो. प्लाय जवळजवळ तीन चौरस मीटर. पुढची कड बोटभर उचलली गेली तरी चाळीसेक किलोची उचल सहज मिळते, आणि वेग दुप्पट झाला की ती चौपट. मधल्या दोऱ्या कितीही आवळा, पुढून बंपरच्या दिशेनं खाली ताण दिला नसेल तर प्लाय मागच्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर. पुणे रस्त्यावर दिवसाढवळ्या बघायला मिळतं.

दुसरं, आवाज. गोल दांड्यामागं हवेचे भोवरे आळीपाळीनं वर-खाली सुटतात. ३० मिलिमीटरचा दांडा ताशी ९० ला धरला तर सेकंदाला १६५ च्या आसपास हिसके बसतात, आतल्या माणसाला तेच घूंऽऽ ऐकू येतं. थेंबासारखा आकार दिला, वरून आडव्या रेघांची रबरी पट्टी बसवली की भोवऱ्यांची ही लय मोडते. पैसे नसतील तर गोल दांड्यावर नायलॉनची दोरी वेटोळी गुंडाळा, मध्ये अंतर सोडून. घुमणं बऱ्यापैकी उतरतं. उंच पोलादी धुराड्यांवर वरच्या भागात वळसे घेत गेलेली पट्टी असते ती याच कारणानं. चौकोनी पाईपला मात्र हा इलाज नीट लागू पडत नाही, त्याच्या धारदार कडांवर हवा फाटायची ती फाटतेच.

छोटा_हत्ती_झिंदाबाद

सगळे इंजिनिअर जमलेत वाटतं. माझं मत एका ओळीचं: टपावर काहीच ठेवू नका.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं आकडे दिलेले आहेत. टपावरच्या मोठ्या बोजड पेटीमुळे शहरात २ ते ८ टक्के, महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि ताशी १०५-१२० किलोमीटरच्या वेगात १० ते २५ टक्के ॲव्हरेज पडतं. तेच सामान गाडीच्या मागं लटकवलं तर शहरात १ ते २, महामार्गावर १ ते ५ टक्के. आणि आपल्याकडं कॅरिअर बारा महिने टपावर असतं, सामान वर्षातून दोनदा! गड्ड्याच्या जत्रेला एकदा आणि दिवाळीला एकदा. बाकी दिवस मालक हवेशी कुस्ती खेळतात आणि ॲव्हरेज देत नाही म्हणून कंपनीला शिव्या घालतात.

माल असेल तर टेम्पो भाड्यानं घ्या. गावात शंभर उभे आहेत.

अक्का_टॉवेलवाल्या

टेम्पो विजापूरला नेऊन दोन दिवस उभा करायचं भाडं तुम्ही देणार असाल तर पत्ता पाठवते.

बारा महिन्यांचा मुद्दा मात्र मान्य. क्लॅम्पचे दांडे काम झालं की काढून पलंगाखाली जातात. लोखंडी सांगाडा उतरवायला चार माणसं आणि दोन पान्हे लागतात, म्हणून तो उतरतच नाही.

जुळे_सोलापूर_सायकल

एक वेगळा प्रकार कुणी वापरलाय का? हातानं पंप मारून काचेला किंवा पत्र्याला चिकटणाऱ्या व्हॅक्यूमच्या वाट्या. भोक नाही, रेल नाही, आकडा नाही. सहा इंची वाटी ९५ किलोची ओढ सहन करते असा बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचा दावा आहे. मला फक्त सायकल न्यायची आहे. सनरूफची गाडी असल्यानं बाकी सगळं अडचणीचं.

भिरभिरं

दावा हवेत नाही. सहा इंची वाटीवर वातावरणाचा दाबच जास्तीत जास्त १८८ किलोचा पडतो, त्यातले निम्मे धरले. वाटीच्या पंपावर रंगीत पट्टी असते, ती बाहेर दिसू लागली की हवा आत शिरतेय, पुन्हा पंप मारा. कल्पना फारच सुंदर आहे. पण सोलापूरची धूळ! वाटीच्या कडेखाली एक बारीक खडा राहिला की हवा झिरपली. पत्रा आधी ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्यानं पुसायला हवा, दर वेळी. सायकलपुरतं चालेल, दर थांब्यावर पट्टी बघत चला. सनरूफच्या काचेवर मात्र चिकटवू नका.

धूळ तुमच्या क्लॅम्पलाही सोडत नाही हेही लिहून ठेवतो. पायाखालच्या रबरात अडकलेली माती पॉलिश पेपरचं काम करते. महिनाभर तसंच ठेवा आणि मग काढून रंग बघा.

कायद्याचं_बोला

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ कंपनीच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावलं. आणि भार ठरलेल्या मर्यादेपलीकडं बाजूला, पुढं, मागं किंवा उंचीत बाहेर आला तर कलम १९४(१अ), दंड २०,००० रुपये, शिवाय माल उतरवायचा खर्च वेगळा. वीस फुटी पाईप टपावरून नेणाऱ्या प्लंबर मंडळींनी हे वाचावं.

टपाला भोकं पाडून कायमचा सांगाडा ठोकणं मला तरी कलम ५२च्या कक्षेत येतं असं वाटतं.

छोटा_हत्ती_झिंदाबाद

मग काढता येणारा दांडा कशात बसतो? तो तर बॅगेसारखा सामानच झाला.

कायद्याचं_बोला

माझ्या मते सुटा दांडा बदलात मोडू नये. रस्त्यावरच्या साहेबांचं मत वेगळं असू शकतं, आणि क्लेमच्या वेळी विमा कंपनीचं आणखी वेगळं. विमा घेताना ॲक्सेसरी म्हणून लिहून द्या, विषय संपला.

होटगी_नाका

मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. हल्ली हर छोट्या गाडीवर चंदेरी रेल दिसते. शोरूममध्ये विचारलं, "यावर किती किलो?" सेल्समन म्हणाला, "सर, भरपूर." पुस्तिका उघडली तर लिहिलंय की रेल शोभेची आहे, भार टाकू नये. दाबून बघितली तर प्लॅस्टिक, पत्र्याला चिकटवलेलं! आता अशा रेलला कुणी क्लॅम्प आवळला तर दोष फॅब्रिकेटरचा की कंपनीचा? धागाकर्ते म्हणतात पायाची जागा शोधली हीच सुधारणा. कंपन्यांनी तर त्या जागेचं नाटक उभं केलंय. पन्हळ परवडली, ती खोटं बोलत नव्हती.

विजापूररोडकर

होटगी_नाका, पूर्ण सहमत, यावर वाद नाही. रेलखाली बोट जातं का आणि पुस्तिकेत किलोचा आकडा आहे का, या दोन गोष्टी बघितल्याशिवाय दांडा विकतही घेऊ नये. आकडा नसेल तर ती रेल नाहीच असं समजा.

भिरभिरं, हवेचं मान्य नाही. ताशी साठनं अक्कलकोटला जाणाऱ्याला पंखाच्या आकाराचा काय उपयोग? तो खर्च हैदराबादला जाणाऱ्यांनी करावा. साधा ॲल्युमिनियमचा दांडा आणि उत्तम पाय, मी तरी पैसे पायावरच घालेन.

जाता जाता गंमत: आज दांड्यांत नाव असलेली थुले कंपनी स्वीडनमध्ये १९४२ साली सुरू झाली ती मासे धरायचे सापळे विकत. टपाकडं ती साठच्या दशकात वळली. तेव्हा अण्णा, धंदा बदलायला उशीर झालेला नाही.

वेल्डिंगवाले_अण्णा

मासे नकोत, आम्ही माळकरी. पण एक सांगा मालक. त्या काळ्या पट्टीखालच्या भोकांचा आटा किती नंबरचा? एका गिऱ्हाईकाची तसली गाडी आलीय. मी खाली चार पाय त्या भोकांत बसवून वर हलकी जाळी करून देतो म्हणतोय. पाईप पातळ घेईन, बारा किलोत बसवतो.

विजापूररोडकर

गाडीगणिक वेगळा, बहुतेक एम ६ किंवा एम ८. आधी पुस्तिका बघा. बोल्ट हातानं फिरवून बघा, सहज गेला तरच पुढं पान्हा लावा. अडकला म्हणून टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारू नका, आतला नट चौकटीत फिरायला लागला तर टपाचं अस्तर उतरवावं लागेल. आणि किती आवळायचं तेही पुस्तिकेत असतं, टॉर्क पान्ह्यानंच आवळा. ॲल्युमिनियमचा पाय आणि लोखंडी बोल्ट यांच्यामध्ये नायलॉनचं वायसर टाका, नाहीतर दोन पावसाळ्यांत पांढरी भुकटी धरेल.

अक्का_टॉवेलवाल्या

अण्णा, बारा किलोत खरंच बसवलीत तर दुसरी जाळी माझी. पण आधी काट्यावर ठेवून फोटो टाका.

वेल्डिंगवाले_अण्णा

टाकतो की अक्का. शेजारीच भंगारवाल्याचा काटा हाय.

छोटा_हत्ती_झिंदाबाद

भंगारवाल्याचा काटा! मग आठ किलोच भरणार.