‘व्हल्नरेबिलिटी’साठी शब्द: असुरक्षितता, भेद्यता की छिद्र?

ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षेवरचा एक मजकूर मराठीत करते आहे. ‘व्हल्नरेबिलिटी’साठी, म्हणजे सिस्टिममधल्या दुबळ्या जागेसाठी, असुरक्षितता, भेद्यता, त्रुटी असे तीन शब्द हाताशी आहेत. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्याबद्दल ‘कर्नलमध्ये तीन असुरक्षितता सापडल्या’ असं लिहिलं आणि तिथेच अडले. कोणता घ्यावा?

*

योग्य जागी अडलात. ‘-ता’ लागून झालेली बहुतेक नामं गुण सांगतात आणि गुण मोजता येत नाहीत. इथे तर एकेक जागा मोजायची आहे. १९९९पासून अशा जागांना सीव्हीई या सामायिक यादीतले क्रमांक दिले जातात. जिला स्वतःचा क्रमांक आहे तिला गुणवाचक नाव कसं चालेल? ‘भेद्यता’ दिसायला देखणी आहे, ‘अभेद्य’शी तिचं नातंही जवळचं, पण अडचण तीच.

‘त्रुटी’ मोजता येते, पण फार सैल आहे. पडद्यावर तारीख चुकीची दिसली तरी ती त्रुटीच. आपल्याला हवी ती जागा, जिच्यातून परक्याला आत शिरता येतं.

‘खिंडार’ मला सुरुवातीला आवडला होता. पण खिंडार हल्ल्यामुळे पडतं; ही जागा हल्ल्याआधीपासून असते. लिनक्स कर्नलमधला ‘डर्टी काऊ’ हा दोष २०१६ मध्ये उघड झाला, पण कोडमध्ये तो २००७पासून होता. ‘चोरवाट’ मुद्दाम ठेवलेली असते, ती बॅकडोअरसाठी राखून ठेवावी.

माझं मत ‘छिद्र’ला. मोजता येतं, बुजवता येतं आणि सामासिक शब्दांत सहज बसतं. शिवाय जुन्या राजनीतीत छिद्र म्हणजे राज्याची दुबळी जागा. आपली शत्रूला कळू द्यायची नाही, त्याची मात्र आपल्याला ठाऊक हवी. सुरक्षा-संशोधक करतात ते अक्षरशः छिद्रान्वेषण. त्या शब्दाला चिकटलेलं दूषण निदान त्यांच्यापुरतं तरी गळून पडावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि कृपा करून ‘एक्स्प्लॉइट’ला, म्हणजे छिद्राचा गैरफायदा घेणाऱ्या कोडला, ‘शोषण’ लिहू नका. शोषण माणसांचं होतं. त्या शब्दामागे फार मोठं दुःख आहे, ते कोडच्या तुकड्यावर खर्च करू नये. ‘गैरफायदा घेतला’ असं क्रियापदाने सांगता येतं; नाम लागलंच तर एक्स्प्लॉइटच राहू द्या.

वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामवर वाक्य करून पाहू: ‘विंडोजच्या फाइल वाटून घेण्याच्या एसएमबी सेवेतलं छिद्र बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिला होता, १२ मे रोजी पसरलेल्या वॉनाक्रायने पॅच न टाकलेल्या संगणकांत त्याच छिद्राचा गैरफायदा घेतला.’ छिद्र, दुरुस्ती आणि हल्ला एकमेकांत मिसळत नाहीत.

*

‘छिद्र’ पटलं, तरी एक शंका. छिद्र म्हटलं की तिथलं काहीतरी राहून गेलंय असं वाटतं. १९८८ मध्ये स्वतःहून पसरलेल्या मॉरिस वर्म या प्रोग्रामने वापरलेल्या जागेला ते चपखल बसतं: युनिक्सची, वापरकर्त्यांची माहिती देणारी फिंगर सेवा येणाऱ्या मजकुराची लांबी तपासतच नव्हती, त्यामुळे मजकूर ठरलेल्या जागेबाहेर सांडायचा. पण २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या दुबळेपणाचं काय? वेग वाढावा म्हणून प्रोसेसर पुढच्या सूचना आगाऊ चालवून ठेवतो आणि नको ठरल्या तर निकाल टाकून देतो. कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या जलद तात्पुरत्या मेमरीत, मात्र खुणा उरतात, आणि त्यांवरून कर्नलची मेमरी वाचता येत होती. आराखडाच तसा असेल तर त्यात भोक कुठे दाखवायचं?

*

भोक दाखवता येणार नाही, छिद्र येईल. राजनीतीतलं छिद्र फक्त तटबंदीत नसायचं. व्यसनी राजा आणि नाराज सेनापती हीही राज्याची छिद्रंच. तटाचा एक दगडही न ढळता राज्य जाऊ शकतं. रचनेतूनच आलेला दुबळेपणा त्या अर्थात बसतो.

तुमच्या उदाहरणामुळे क्रियापद मात्र बदलावं लागेल. मेल्टडाउनवर लिनक्सने कर्नलची पेज टेबलं, म्हणजे मेमरीचे नकाशे, वेगळी केली. प्रोसेसर होता तसाच राहिला, म्हणजे छिद्र बुजलं नाही, त्याच्यापुढे आडोसा आला. ‘मिटिगेशन’ला, म्हणजे मूळ दोष तसाच ठेवून धोका कमी करण्याला, मी आतापर्यंत ‘उपशमन’ लिहीत होतो. ‘आडोसा’ कितीतरी बरा.

*

वाक्य असं केलं: ‘कर्नलमध्ये तीन छिद्रं सापडली. दोन बुजवली, तिसऱ्याला तूर्त आडोसा केला आहे.’